गाभाऱ्यातला दगड

"दगड कुठायत?"

जीप पुरती थांबायच्या आत पाथ्रीकरांनी विचारलं. सरपंच टेकाळे हार घेऊन पुढे आले होते, ते हारासकट जागच्या जागी थबकले.

"हायेत की," ते म्हणाले. "गावातच हायेत. आधी चहा तरी घ्या."

"चहा नंतर. इथं मी दगड रचून ठेवले होते. ओळीनं, वर ताडपत्री घालून."

जिथं दगड होते तिथं आता वेड्या बाभळी माजल्या होत्या. शेजारी आम्हीच बांधून घेतलेला नव्या देवळाचा चौथरा होता आणि त्यावर कुणाची तरी तूर वाळत पडली होती. पाथ्रीकर सरळ बाभळींत शिरले. काट्यात सदरा अडकला तर तो सोडवत बसण्याचा धीर नव्हता. बाहेर आले तेव्हा बाही फाटली होती आणि खोकल्याची उबळ आली होती. ती ओसरेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

"पाच-सहा फुटके तुकडे आहेत," ते मला म्हणाले. "बाकी एक नाही. गाडेकर, एक नाही."

आमचं खातं जुन्या इमारतींचं. इमारत पडू नये म्हणून धडपडायचं आणि पडली की वर उत्तरं द्यायची, असं एकूण काम. मी नकाशे काढायचो. पाथ्रीकर हुद्द्यानं माझ्या वरचे, पण वर्षानुवर्षं एका जीपमधून हिंडल्यावर आणि एका डब्यात जेवल्यावर साहेब-बिहेब काही उरत नाही. मी त्यांना पाथ्रीकर म्हणायचो आणि त्यांनी माझं पहिलं नाव कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

जुनी बोरसांगवी धरणात जायची होती तेव्हा तिथलं भैरोबाचं देऊळ वाचवायचं ठरलं. काळ्या दगडाचं, चुना न वापरता नुसतं सांध्यात सांधा बसवून रचलेलं देऊळ. असं देऊळ उतरवता येतं. एकेक दगड काढायचा, त्यावर नंबर घालायचा, नकाशात त्याच जागी तोच नंबर लिहायचा आणि दुसरीकडे नेऊन होतं तसं रचायचं. दगड उतरवले तेव्हा मुकादम म्हणाला होता, साहेब, नंबर मागच्या अंगाला छिन्नीनं कोरू, कायमचं काम होईल. पाथ्रीकर त्याच्यावर असे उखडले की बिचारा दोन दिवस समोर आला नाही. "आपलं काम असं हवं की उद्या कुणाला पुसावंसं वाटलं तर पुसता आलं पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं. घरीसुद्धा तेच. भिंतीला खिळा ठोकू द्यायचे नाहीत, म्हणून त्यांच्याकडचं कॅलेंडर कायम दाराच्या कडीला सुतळीनं लोंबकळत असायचं. वहिनी वैतागायच्या.

तर नंबर रंगानं घातले. तांबड्या तैलरंगानं, काळ्यावर ठळक दिसावा म्हणून. आणि देव हलवला त्या दिवशी पाथ्रीकरांनी सगळ्या गावासमोर भैरोबाच्या तांदळ्यावर, म्हणजे त्या शेंदूर माखलेल्या बिनघडीव दगडावर, हात ठेवून सांगितलं होतं, "याच दगडांत ह्याला पुन्हा बसवीन." असलं काही बोलायची सरकारी माणसाला गरज नसते. पण बोलले. तेव्हापासून देव पत्र्याच्या शेडमध्ये होता, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होती आणि पाथ्रीकर फाईलच्या मागे हिंडत होते. मंजुरी आली ती त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तोवर डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो काढून, दगडाच्या धुळीनं फुप्फुस गेलंय असं सांगितलं होतं. "मला उतरवताना नीट नंबर घाला रे," असा त्यावर त्यांचा विनोद. मला त्याचं हसू कधी आलं नाही.

चहा घ्यावाच लागला. भैरोबाच्या शेडमध्ये सतरंजी टाकली होती. टेकाळे सरपंच तरुण, बोलायला चटपटीत, पण त्या दिवशी त्यांची गाडी अडखळत होती.

"त्याचं असं झालं साहेब," ते म्हणाले. "तुमी आमचा भैरोबा आनला. लई उपकार झाले. पर गावाला काय एकच देव असतोय का? येशीचा मारुती पान्यात गेला. शिवंवरला म्हसोबा गेला. सटवाई गेली, मरीआई गेली. ते काय तुमच्या यादीत नव्हते."

"नव्हते," पाथ्रीकर म्हणाले. "ते संरक्षित नव्हते."

"तेच की. मंग हितं आल्यावर बायामानसांनी करायचं काय? पोर झालं तर पाचवी कुठं पुजायची? पेरणीला नारळ कुनाफुडं फोडायचा? तवा एकानं हितला एक दगड नेला आन् बांधावर म्हसोबा म्हून बसिवला. देवळाचाच दगड, पवित्र. त्याचं बगून दुसऱ्यानं नेला."

"मग माझे नंबर? त्यांवर नंबर होते!"

दाराशी बसलेला लिंबाजी नावाचा माणूस खाकरला. बांधावरचा तो पहिला म्हसोबा त्याचाच होता.

"साहेब, लाल तर पैलं तुमीच लावलं," तो म्हणाला. "आमाला वाटलं, शेंदूर लावूनच दिल्यात सरकारनं. म्हून आमी बी वरून लावत गेलो."

मला हसू फुटलं. पाथ्रीकरांकडे पाहिलं आणि जिरवलं. ते हातातल्या कपाकडे बघत होते. इतक्या वर्षांचं तेल आणि शेंदूर म्हणजे दगडावर बोटभर कवच चढलेलं असणार. ते खरवडायचं तर खालचा तैलरंगही बरोबर निघून येणार. कुणाला पुसता यावं म्हणून घातलेला नंबर होता आणि तो पुसला गेला होता.

"हरकत नाही," पाथ्रीकर मान वर करून म्हणाले. "नंबर गेले तर गेले. गाडेकरचे नकाशे आहेत, मी आहे. दगड मला दाखवा, मी सांगतो कुठला कुठं बसायचा."

ही बढाई नव्हती. दगड ओळखण्यात पाथ्रीकर चुकल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या बागेत चहा पिताना त्यांनी खालच्या बाकावर नुसता हात फिरवला आणि हे अमुक बारवेचं आहे म्हणाले. निघालंही तसंच. बाक परत गेलं आणि पाथ्रीकरांची बढती मागे पडली ती कायमची. त्याचं त्यांना काही नव्हतं. दगड चुकला नाही, यातच गडी खूश.

"दगड दाखवू," टेकाळे म्हणाले. "पर कालच्याला मीटिंग झाली गावाची. देऊळ समद्यांला पायजे. पर बसलेला देव उठवायचा म्हंजी वाईट. तर असं ठरलं, की जो दगड गाभाऱ्यातला आसंल, देवाच्या अंगाचा, त्यो आता देवच झाला. त्यो ऱ्हाऊ द्यायचा. पर जो पायरीचा, जोत्याचा, भितीचा आसंल, त्यो परत द्यायचा. पायाखालचा दगड काय देव होत न्हाई. साहेबांनी घरोघर येऊन सांगावं. ते सांगतील ते खरं."

पाथ्रीकरांचा चेहरा मी असा उजळलेला फार दिवसांनी पाहिला. गाभारा लहान, त्याचे दगड कितीसे? तेवढे नवे घडवून घेता आले असते. बाकी सगळं देऊळ परत मिळत होतं. त्यांनी कप अर्धा टाकून दिला आणि उठले.

"चल गाडेकर. नकाशे घे."

पहिलं घर लिंबाजीचंच. बांधावर जाऊन पाहिलं. शेंदराखाली दगडाचा आकार असा बुजला होता की मला काही बोध होईना. पाथ्रीकर उकिडवे बसले, मागे हात घालून चाचपलं, खालची कड नखानं बघितली.

"जोत्याचा," ते म्हणाले. "उत्तरेच्या बाजूचा. बघा, ही गोलाई खाली असते." नकाशात बोट ठेवून त्यांनी जागाही दाखवली.

लिंबाजीनं पहार आणली आणि दगड उलथा पाडला. सकाळी फोडलेला नारळ तसाच बाजूला होता. त्याची बायको थोडा वेळ बघत उभी राहिली, मग पदर तोंडाला लावून घराकडे गेली. तिच्या मागे हाक मारावी असं लिंबाजीला वाटलं असावं, पण मारली नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," पाथ्रीकर म्हणाले. "तुमचा दगड देवळातच जाणार आहे."

"व्हय," लिंबाजी म्हणाला. "पायाखाली."

पुढची दोन-तीन घरं झाली. भिंतीचा, भिंतीचा, खांबाच्या तळाचा. पाथ्रीकर सांगत, लोक मान हलवत, बैलगाडी मागून येत होती तीत दगड चढत होते. पाथ्रीकर खोकला विसरले होते. मध्येच माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "गाडेकर, उभं राहतंय रे. मी असेपर्यंत उभं राहतंय." त्या माणसाला इतकं आनंदात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग गयाबाईचं घर आलं.

म्हातारी अंगणात वाटच बघत उभी होती. अंगण सारवलेलं, परसात कडुलिंब, त्याच्या बुडाशी मातीचा ओटा आणि ओट्यावर दगड आडवा ठेवलेला. तो मीसुद्धा ओळखला. शेंदूर होता, हळद होती, पण आकार झाकत नव्हता. लांबट दगड आणि मधोमध एक उथळ, गुळगुळीत खळगा. असा खळगा एकाच दगडाला पडतो. हजारो पाय शेकडो वर्षं एकाच जागी पडले की पडतो.

"ही आमची सटवाई," गयाबाई म्हणाली. "बसा. साहेब, आधी माजं ऐकून घ्या, मंग सांगा."

"सांगा ना, मावशी," पाथ्रीकर म्हणाले.

"माज्या सुनंची लेकरं जगत नव्हती. तीन गेली. जुन्या गावातली सटवाई पान्यात गेली, तिचा कोप झाला म्हनले लोक. मंग म्या हा दगड निवडला. ह्योच कामून, तर ही बगा." तिनं खळग्यावरून हात फिरवला. "ही देवीची मांडी हाय. आपसूक झाल्याली. चौथ्या बाळंतपनाला पाचवीच्या दिवशी लेकरू ह्या मांडीवर निजिवलं आन् म्हनलं, बाई, आता तुजं तूच संबाळ. जगलं बगा."

कडुलिंबामागून एक मुलगी आमच्याकडे बघत होती. सात-आठ वर्षांची असेल, नाकात चमकी, हातात अर्धी भाकरी.

"ही?" पाथ्रीकरांनी विचारलं.

"हीच. दृष्ट लागू नये म्हून नाव दगडाबाई ठिवलंय. शाळंत येगळं हाय, वैष्णवी का काय ते. पर हाक मारली तर दगडाबाईलाच ओ देती." म्हातारी हसली. मग पदर सावरून पाथ्रीकरांसमोर उभी राहिली. "आता सांगा, साहेब. कुठला हाय माजा दगड?"

माझ्या हातात नकाशा उघडाच होता. पायऱ्यांवर मी बोट ठेवलं आणि पाथ्रीकरांपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या बोटावर आपला पंजा ठेवला, नकाशा मिटला आणि माझ्याच काखेत खोचून दिला.

मग ओट्याशी वाकले. दगडाला नुसता हात लावला, चाचपलासुद्धा नाही. मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गाभाऱ्यातला," ते म्हणाले. "देवाच्या अगदी शेजारचा."

गयाबाईनं तिथंच जमिनीला डोकं टेकलं. सूनही कुठूनशी बाहेर आली आणि तिनं पाथ्रीकरांचे पाय धरले. ते अवघडून मागे सरत होते. मी टेकाळ्यांकडे पाहिलं. बोरसांगवीच्या देवळाला पायऱ्या होत्या आणि टेकाळे लहानपणी त्याच पायऱ्यांवर खेळले असणार. पण ते खाली बघत होते.

पुढच्या घरी आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिथला दगडही लांबट, तसाच मध्ये खळगा.

"गयाबाईच्यावानीच हाय बगा," घरधनी म्हणाला. "मांडी बी तशीच. म्हंजी ह्यो बी गाभाऱ्यातलाच."

पाथ्रीकरांनी मान हलवली. दुसरं काय करणार? त्याच्या पुढच्या घरी खांबाचा दगड निघाला, तर ती बाई ऐकेनाच. तिच्या घरची पोरगी आजारातून उठली होती त्या दगडाला नवस बोलून. "तिचं लेकरू लेकरू आन् आमचं काय दगड?" म्हणाली. तेवढ्यात लिंबाजी धापा टाकत आला. पहार अजून हातातच होती.

"साहेब, गयाबाईचा आन् माजा दगड एका गाडीतून आनल्यात. एका जागी पडले व्हते. तिचा गाभाऱ्यातला आन् माजा जोत्याचा, आसं कसं?"

पाथ्रीकरांना खोकला आला. बराच वेळ आला. थांबल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"ठेवा, लिंबाजी," ते म्हणाले. "तुमचा दगड होता तिथं ठेवा."

मागच्या गाडीतले दगड तिथंच उतरवायला लागले. ज्याचा त्यानं नेला. उरलेल्या घरांना आम्ही गेलोच नाही. टेकाळ्यांनी हार अखेर गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

परतीच्या वाटेत मी नकाशे गुंडाळून ठेवले. शेवटी राहवेना.

"ती पायरी होती," मी म्हणालो.

"तुला दिसली ना?"

"आंधळ्यालाही दिसली असती. तुम्ही एका शब्दानं सगळं देऊळ घालवलंत. इतकी वर्षं त्यासाठी लोकांच्या दारात बसलात, अपमान गिळलात आणि आज..." मला खरंच राग आला होता, रडूही येत होतं.

पाथ्रीकर खिडकीबाहेर बघत होते. धरणाचं पाणी दिसायला लागलं होतं, नेहमीसारखंच सपाट.

"तिनं त्या खळग्यात लेकरू निजवलंय, गाडेकर," ते म्हणाले. "त्याला मी पायरी म्हणू? लोकांच्या पायांच्या जागी आपण नात ठेवली, हे तिनं डोक्यात घेऊन जगायचं? आणि उद्या पोरीला साधा ताप आला तरी?"

"मग तिला एकटीला बाजूला घेऊन..."

"तिनं लेकरू निजवलं नसतं तर मी तुझंच ऐकलं असतं." मग म्हणाले, "देऊळ पाण्यात गेलं त्याच दिवशी गेलं. गावाचे सगळे देव बुडवून आपण एकाची गाठोडी बांधून आणली. त्याला काय वाचवणं म्हणतात? ते जाऊ दे. पोरगी जगलीय ना. माझ्या नोकरीत एवढं तरी जगलंय."

ऑफिसात त्यांनी सांगितलं की क्रमांक पुसले गेले आणि दगड ओळखता आले नाहीत. "चूक माझी, मी नंबर कोरून घ्यायला हवे होते," म्हणाले. वरिष्ठांनी विचारलं, "तुम्हाला ओळखता आले नाहीत? तुम्हाला?" हे म्हणाले, "नाही." ज्या गोष्टीची त्यांना आयुष्यभर मिजास होती तीच त्यांनी हातानं काढून दिली. निरोप समारंभात एकानं भाषणात टोला मारला, की पाथ्रीकरसाहेबांना शेवटी शेवटी दगडही ओळख देईनासे झाले. सगळे हसले. पाथ्रीकरही हसले. मी नाही हसलो, पण मी हसलो नाही म्हणून काय झालं?

त्यानंतर ते फार जगले नाहीत. नळी लावलेली असायची, बोलताना दम लागायचा. मी गेलो की खात्यातलं काही विचारायचे नाहीत. एकदोनदा मात्र म्हणाले, "ती दगडाबाई आता पाचवी-सहावीत असेल, नाही?" मी हो म्हणायचो. असणारच होती, हिशेबानं.

ते गेले आणि दिवस झाल्यावर मी बोरसांगवीला गेलो. देव हलवताना ज्या गावाला शब्द दिला होता त्या गावाला, शब्द देणारा गेला, हे कुणीतरी सांगायला हवं असं मला वाटलं. टेकाळे आता सरपंच नव्हते. चौथऱ्यावर कुणी तरी कडब्याची गंज लावली होती. भैरोबा अजून पत्र्यातच होता. त्याला पाथ्रीकर गेल्याचं मनातल्या मनात सांगितलं आणि गयाबाईकडे गेलो.

कडुलिंबाच्या बुडाशी ओटा नव्हता. मातीचा एक उंचवटा तेवढा होता, त्यावर गवत आलं होतं. म्हातारी दारात बसली होती. मला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं.

"साहेब गेले," मी सांगितलं.

"कंदी?"

"महिना व्हायला आला."

"चांगला मानूस व्हता," ती म्हणाली. आत सून काहीतरी कुटत होती, तो आवाज थांबला. "आमची बी गेली. मागल्या पावसाळ्यात. ताप आला, तालुक्याला नेली, तितून फुडं न्या म्हनले. वाटंतच गेली."

मी खाली बघितलं, आणि तेव्हा तो दिसला. घराच्या उंबऱ्याला लागून, दाराबाहेर, जमिनीत बसवलेला. शेंदूर खरवडून काढला होता, कडेच्या सांदीत तेवढा थोडा राहिला होता. खळग्यात चिखलाच्या पायांचे ठसे होते.

"म्याच बसिवला," गयाबाई म्हणाली. "घासून घासून. हात सोलले माजे." मग माझ्याकडे वळली. "तुमाला एक इचारते. तुमी त्यांच्या संगं व्हता. खरं सांगा. तवा साहेब गाभाऱ्यातला म्हनले, लेकराच्या डोक्यावर हात ठिवून म्हनले. ते खोटं बोलले, का चुकले?"

सुनेनं आतून दारापर्यंत येऊन कान दिलेला मला दिसत होता. गाभाऱ्यातलाच होता म्हणावं, तर म्हातारीनं देव पायाखाली घातला होता. खोटं बोलले म्हणावं, तर तिला कीव करून फसवलं होतं, आणि तेही मेलेल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. पाथ्रीकर असते तर काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. त्यांनी ते ऑफिसात म्हणून दाखवलंच होतं.

"चुकले," मी म्हणालो. "दगड ओळखायला चुकले ते."

त्यांच्याबद्दल इतकं वाईट मी आयुष्यात कुणापाशी बोललो नव्हतो.

गयाबाईनं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली.

"चुकतंय मानूस," ती म्हणाली. "उनाचे आलात. या आत, पानी प्या."

ती बाजूला सरकली. आत जायला दुसरी वाट नव्हती. मी चप्पल काढली आणि पाय ठेवला. तो खळग्यात नीट बसला.